घरच्या वर्कशॉपमध्ये स्टीलचा चौकोनी पाइप कापायला चॉप सॉ घ्यावा की बँडसॉ?

भाऊ, तुम्ही लिहिता की घरामागच्या शेडमध्ये 25 बाय 25 मिमीचा 16 गेजचा (म्हणजे सुमारे 1.6 मिमी जाडीचा) स्क्वेअर पाइप कापायचा आहे, आणि 14 इंची चॉप सॉ (वरून दाबायचं, गरगर फिरणारं चाक) की छोटा बँडसॉ (पट्ट्यासारख्या फिरणाऱ्या दातेरी ब्लेडची करवत) हे ठरत नाही. मी चॉप सॉ घेऊन दोन वर्षांत विकून टाकलेला माणूस आहे, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे धरूनच वाचा.

चॉप सॉ झटक्यात काम करतो यात वाद नाही. पण त्याचं चाक कापत नाही, घासतं. पाइपाचं तोंड तापून निळं पडतं आणि आतून जाड बर (कापल्यावर कडेला उरणारी खरखरीत धार) राहते. दहा सेकंदांत तुकडा निघाला, आता बसा कानस घेऊन. मी बहुतेक कूलरचे स्टँडच बनवतो (नागपुरात मार्च लागला की नातेवाइकांना माझी आठवण येते). एका स्टँडला बारा तुकडे, म्हणजे चोवीस तोंडं घासायची. त्यात जोर दिला की चाक जरासं वाकतं. गुण्या लावला की फट दिसते, आणि 1.6 मिमीच्या पत्र्यात ती फट वेल्डिंगने भरायला गेलं की भोक पडलंच. आवाजाचं तर बोलायलाच नको. शिवाय ठिणग्या. शेडच्या कोपऱ्यात उभी केलेली कूलरची जुनी, कोरडी ताटी एकदा धुमसायला लागली होती.

आता माझ्याकडे 4 बाय 6 इंची आडवा बँडसॉ आहे. ब्लेड मिनिटाला 25 ते 60 मीटर, म्हणजे रमतगमत चालतं. पाइप शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळायचा, मशीन चालू करायचं आणि तोवर पुढचा तुकडा मोजून खूण करायची. तोंड हाताला जेमतेम कोमट लागतं, बर कानशीच्या दोन हातांत जाते. लाकडाचा बँडसॉ स्वस्तात मिळतोय म्हणून मात्र उचलू नका. तो मिनिटाला 900 मीटरच्या आसपास पळतो, स्टीलवर त्याचे दात लगेच जळतात.

दातांचं गणित नीट समजून घ्या, कारण ब्लेड तिथेच वाया जातात. जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत असं म्हणतात. इंचाला 24 दातांचं ब्लेड घेतलं तरी 1.6 मिमीत दीडच दात बसतो. वरची सपाट बाजू आरामात कापली जाते, पण ब्लेड खाली उभ्या भिंतींत शिरलं की दात अडकून तुटतात. यावर उपाय म्हणजे शेगड्यात अँगलचा (L आकाराच्या पट्टीचा) तुकडा ठेवून आडव्या पाइपाचा एक कोपरा खाली आणि एक वर येईल असा तो बसवायचा. मग ब्लेडला भिंत तिरपी, म्हणजे सुमारे 2.3 मिमी जाड लागते आणि कट तरीही काटकोनातच येतो. हे मला तीन ब्लेडांनंतर कळलं.

चॉप सॉवरच कार्बाइड दातांचं ब्लेड बसवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चॉप सॉ मिनिटाला 3800च्या आसपास फेरे घेतो, आणि स्टीलसाठीची ती ब्लेडं 1300 ते 1500 फेऱ्यांच्या वेगळ्या मशीनसाठी असतात. दात उडाला तर तुमच्याकडेच येईल.

महिन्याला चार-पाच पाइपच कापणार असाल तर मशीन कशाला? आपण एक्सा म्हणतो तो हॅक्सॉ, इंचाला 32 दातांचं बायमेटल ब्लेड, दात पुढच्या दिशेला, एवढ्यात भागतं. इतवारीत लोहा ओळीतून 20 फुटी पाइप घेतानाच दुकानदाराकडून दोन-तीन तुकडे करून घ्या, घरी आणायलाही सोपं.

आणि बँडसॉ घेतलाच, तर पहिला कट तिरका येईल. मशीनला शिव्या देण्याआधी ब्लेडचा ताण आणि गाइडची (ब्लेड सरळ धरून ठेवणारी) बेअरिंगं तपासा. माझा अख्खा रविवार त्यात गेला होता.