शंभरपर्यंत म्हणतो, पण चार वाट्या आणता येत नाहीत

“साडेचार वर्षांचा आहे. इंग्रजीत शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, मराठीत पन्नासपर्यंत. पण परवा ‘चार वाट्या आण’ म्हटलं, तर हाताला लागल्या तेवढ्या घेऊन आला. शाळेत चित्रं मोजून आकडा लिही म्हटलं की गप्प बसतो. याला गणिताचा काही आजार तर नसेल?”

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचा हा प्रश्न. ती घरी टॉवेलच्या कडा शिवते, सासूबाई विड्या वळतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घर बदलतं, भाषा बदलते, प्रश्न साधारण हाच असतो.

आजार नाही, ताई. शंभरपर्यंत म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आरती पाठ करण्यासारखं आहे: चाल बसली की शब्द एकामागून एक येतात, अर्थ कळायलाच हवा असं नाही. मुलगा कुठे अडतो हे पाहायला पाच मिनिटं आणि दहा बटणं पुरतात.

बटणं ताटलीत ठेवायची, शेजारी रिकामी वाटी. “मला एक दे.” मग दोन, तीन, चार. वाटीत किती पडली ते बघायचं. चूक सुधारायची नाही, शाबासकीही द्यायची नाही. या मुलाने एक आणि दोन बरोबर दिली. तीन कधी बरोबर, कधी चार. चारला मात्र सरळ मूठ भरली. याचा अर्थ त्याला ‘एक’ आणि ‘दोन’ खरोखर समजलेत, ‘तीन’ उंबरठ्यावर आहे आणि त्यापुढचं सगळं त्याच्या लेखी ‘पुष्कळ’. मुलं या पायऱ्या एकेक करूनच चढतात, आणि दोन पायऱ्यांमध्ये काही महिने जाणं अगदी नेहमीचं आहे.

मग सहा बटणं ओळीत मांडून मोजायला सांगितलं. तोंड पुढे, बोट मागे. ‘सहा’ म्हणताना ‘स’ला एक बटण आणि ‘हा’ला दुसरं. शेवटी “मग किती आहेत?” विचारलं, तर त्याने उत्तर न देता पुन्हा एकपासून सुरुवात केली. खरी गाठ इथे आहे. शेवटी उच्चारलेला शब्द हेच ‘किती’चं उत्तर, हे त्याला अजून उमगलेलं नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यातली दोन इथे कच्ची आहेत: एका वस्तूला एकच शब्द, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या.

आपल्याकडची एक सवय यात भर घालते. “एकावर एक अकरा, एकावर दोन बारा” हे आकडा कसा लिहायचा याचं वर्णन आहे, वस्तू किती याचं नाही. या मुलाने एका वाटीवर दुसरी वाटी ठेवली आणि म्हणाला, “अकरा.” शिकवलं होतं त्या हिशेबाने त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी करायचं ते असं. रोज दहा मिनिटं, दोनदा. पहिला आठवडा फक्त तीनपर्यंत. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणून दाखवणं तेवढे दिवस बंद. पाठांतराने नुकसान होत नाही, पण ‘येतंय की याला’ असा घरच्यांचा समज होतो आणि मोजणं मागे पडतं.

बोट दाखवून मोजायला लावू नका, वस्तू हलवायला लावा. बोट घसरतं, पुढे पळतं, एकाच वस्तूवर दोनदा टेकतं. वस्तू उचलून दुसरीकडे ठेवली की मोजलेलं आणि न मोजलेलं आपोआप वेगळं होतं. यासाठी घरातलं उत्तम साधन म्हणजे इडलीपात्राची चार खळग्यांची ताटली. एका खळग्यात एक बटण, बटण ठेवतानाच एक शब्द, त्याआधी नाही. खळगा रिकामा राहिला किंवा दोन बटणं एकत्र पडली, तर मूल स्वतःच बघतं. आपण “चुकलास” म्हणायची गरज उरत नाही.

मोजून झालं की आईने सगळ्या वस्तूंभोवती हात फिरवायचा आणि म्हणायचं, “एक, दोन, तीन. तीन बटणं.” संख्येबरोबर वस्तूचं नाव हवंच; ‘तीन’ हा शब्द एकट्या शेवटच्या बटणाला चिकटू नये म्हणून. हे वाक्य पहिले आठ-दहा दिवस मोठ्यांनीच म्हणायचं. लगेच “किती?” विचारलं की मूल पुन्हा मोजत सुटतं.

शिवलेल्या टॉवेलांची चळत घरात आहेच. “बाबांना दोन टॉवेल दे” हे वहीतल्या पानभर आकड्यांपेक्षा जास्त शिकवतं, कारण कमी पडलं तर खरोखर अडतं. डझनाची भाषा मात्र अजून नको. आणि आजी विड्या मोजतात तिथे त्याला मोजायला बसवू नका. तंबाखूच्या सुपाशी मुलाचं काही काम नाही. धाकटं भावंड तीन वर्षांच्या आतलं असेल तर बटणं, चिंचोके, शेंगदाणे बाद. तोंडात, नाकात जातात. चमचे, वाट्या, कपड्यांचे चिमटे घ्या.

चित्रांच्या पुस्तकांबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण बाजारात मोजण्याची पुस्तकं म्हणून बरंच काही विकलं जातं. ‘दोन’ला बदकाचा आकार दिलेलं पान अंकाचं वळण शिकवतं, दोनपणा नाही. सात हत्ती एकमेकांआड उभे, कुणाची नुसती सोंड दिसते, असं पान या टप्प्यावर गोंधळच घालतं. पान असं हवं: एकाच प्रकारची वस्तू, सुटी सुटी, मागे गर्दी नाही, कोपऱ्यात एक अंक. आधी ओळीत मांडलेली, मग तीच संख्या विखुरलेली. पुस्तक घरीच करा. जुन्या दिनदर्शिकेची पाच पानं घ्या, मागच्या कोऱ्या बाजूवर एक ते पाच: एक चादर, दोन कडक भाकरी, तीन पतंग. पुढे सातपर्यंत गेलात, तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, काढायला मूल स्वतःच बसेल.

वाचताना पान उघडल्या उघडल्या मोजू नका. आधी चित्राबद्दल बोला. मग प्रत्येक चित्रावर एक बटण ठेवायला सांगा, सगळी बटणं उचलून वाटीत घ्या आणि ती मोजा. चित्र हलवता येत नाही, बटण येतं. शेवटी चित्रं हाताने झाकून विचारा, “किती होत्या?” पुन्हा न मोजता उत्तर आलं, की मघाची गाठ सुटायला लागली असं समजा.

तीनपर्यंत पक्कं झाल्यावर पट. सापशिडी नको: शंभर घरं, आणि प्रत्येक ओळीत दिशा उलटते. पुठ्ठ्याच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे दहा घरं आखा, १ ते १० लिहा. फाशाऐवजी दोन चिठ्ठ्या, १ आणि २. सोंगटी ५ वर असताना २ आले, तर “एक, दोन” म्हणत पुढे जायचं नाही. “सहा, सात” असं घराचं नाव घेत जायचं. सीगलर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर असाच पट वापरून पाहिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठकी, तरी संख्यांची समज वाढलेली दिसली. रंगांचा तसाच पट खेळलेल्या मुलांत ती वाढली नाही.

तीन भाषांमुळे गोंधळतो का, असंही आईने विचारलं. एका बैठकीत एकच भाषा ठेवा, इतकंच. पाचाची समज तेलुगूत आली तर ती मराठीत नव्याने आणावी लागत नाही. फक्त शब्द नवा. उलट वीसच्या पुढे आजीची भाषा सोपी आहे. तेलुगूत २१ म्हणजे ‘इरवै ओकटि’, आधी वीस मग एक. मराठीत एकवीस, आणि पुढे एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. अडचण मात्र खरी आहे, फक्त साडेचार वर्षांच्या मुलाची ती नव्हे.

काळजी कधी करायची? सहावं सरत आलं, काही महिने असे खेळ होऊनही पाच वस्तू मोजून देता येत नाहीत, दोन-तीन ठिपके नजरेने ओळखता येत नाहीत, किंवा बोलणंही मागे आहे, तर आधी कान आणि डोळे तपासा, मग बालविकास तज्ज्ञांना दाखवा. गणिताच्या अध्ययन अक्षमतेचं निदान शालेय शिक्षण सुरू झाल्यावर, आणि नेमकी मदत देऊनही अडचण निदान सहा महिने टिकली तरच करतात. बालवाडीतल्या मुलाला ते नाव कुणी लावलं तर घाबरू नका, दुसरं मत घ्या.

सहाव्या आठवड्यात ताटली, वाटी आणि तीच दहा बटणं पुन्हा मांडली. तीन आणि चार प्रत्येक वेळी बरोबर. पाच मागितली की कधी चार येतात, कधी सहा, पण प्रत्येक बटण वेगळं उचलून ठेवतो. मूठ भरत नाही.