मेडिकल कोडिंगची फी भरण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नीट दोनदा देऊन झाली. आता पुण्यातला एक क्लास मेडिकल कोडिंगचे साठ हजार मागतोय आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतोय. रक्ताभिसरण हा तिचा आवडता विषय, म्हणून तिला व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारांचं कोडिंगच करायचंय. ‘हे शेवटी टायपिंगच ना, आणि तेही उद्या एआय करणार ना?’ असं तुम्ही विचारलंत.

टायपिंग नाही. हे वाचनाचं काम आहे, आणि ते तिला जमेल का, हे एक रुपया न भरता कळू शकतं.

पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईत बसून आपली मुलं मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी वाचतात. आजाराला आयसीडी-१०-सीएमचा कोड, डॉक्टरांनी केलेल्या उपचाराला सीपीटीचा. त्यावर विमा कंपनी पैसे देते.

आता एक पाय घ्या. डॉक्टरांनी नुसतं ‘पीव्हीडी’ (हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार) लिहिलं, तर कोड आय७३.९, म्हणजे तपशील नाही. ‘डाव्या पायाच्या धमनीत अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस (चरबीचे थर साचून धमनी अरुंद होणं), चालताना पोटरी दुखते, उभं राहिलं की दुखणं थांबतं’ असं निदान लिहिलं, तर आय७०.२१२. त्यामुळे टाचेवर जखम झाली असेल, तर आय७०.२४४ आणि जोडीला जखमेची खोली सांगणारा एल९७ मधला कोड. रिपोर्टमध्ये एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, ०.५ दिसला, तर पायाला रक्त कमी पोचतंय हे तुमच्या मुलीला लगेच उमगेल. पण डॉक्टरांनी निदान लिहिलं नसेल, तर तिला तो आजार कोड करता येत नाही. डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवावा लागतो, तोही उत्तर न सुचवता. उलट, टाइप २ मधुमेह आणि पायाच्या धमन्यांचा आजार दोन्ही नोंदलेले असतील, तर डॉक्टरांनी ‘मधुमेहामुळे नाही’ असं स्पष्ट म्हटल्याशिवाय नियम संबंध धरायलाच सांगतो. गँगरीन नसेल तर ई११.५१. कुठे धरायचं आणि कुठे हात आखडायचा, यातच कोडरचा कस लागतो.

‘डीव्हीटी, रक्त पातळ करायची गोळी चालू’ ही ओळ घ्या. डीव्हीटी म्हणजे खोलवरच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी. गुठळी ताजी, जुनाट की कधीच विरघळलेली? तिन्हींचे कोड वेगळे. अंदाजाने टाकलेला कोड एखाद्याच्या कागदांवर नसलेला आजार वर्षानुवर्षं ठेवतो. हे तिला आत्ताच समजलेलं बरं.

एआयचं म्हणाल, तर साधे एक्स-रे वगैरे सॉफ्टवेअर कोड करू लागलंय. नवशिक्यांना मिळणारं सोपं काम त्यामुळे कमी होईल, असं मला वाटतं. ऑडिट आणि डॉक्टरांच्या नोंदी सुधारून घेणारं सीडीआयचं काम राहील, पण सीडीआयमध्ये एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंगवाल्यांना आधी घेतात. तिला तिथे अनुभवाच्या जोरावरच पोचता येईल. म्हणून कर्ज काढून कोर्स नको, हे माझं स्पष्ट मत.

क्लासला दोन गोष्टी विचारा. मागच्या बॅचमधल्या तीन मुलांचे फोन नंबर देता का? आणि पायाच्या धमन्यांच्या अँजिओप्लास्टीचे कोड कुठल्या वर्षीच्या पुस्तकातून शिकवता? २०२६ च्या सीपीटीत तो अख्खा विभाग नव्याने मांडलाय, जुने कोड रद्द झालेत. आयसीडीही दर १ ऑक्टोबरला बदलते. शिक्षक ‘पुस्तक तेच आहे’ म्हणाले, तर उठून या.

खरी किंमत आहे ती एएपीसी या कोडर्सच्या अमेरिकन संघटनेच्या सीपीसी परीक्षेला. १०० प्रश्न, चार तास, पुस्तकं समोर उघडी, पास व्हायला ७० टक्के. अनुभव नसलेल्यांच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीला ‘अप्रेंटिस’ लागतं, त्याने खचू नये. काही कंपन्या फ्रेशर्सना घेऊन स्वतःच शिकवतात, तिथेही अर्ज टाका. आणि पहिल्या दिवशी व्हॅस्क्युलर कोणी देत नाही. मिळेल ती स्पेशालिटी घ्यावी, अचूकता ९५ टक्क्यांच्या वर ठेवावी, मग मागावं.

आयसीडी-१०-सीएमचे अधिकृत नियम अमेरिकेच्या सीडीसीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, इंग्रजीत. तिने मधुमेहाचा आणि रक्ताभिसरणाचा भाग वाचावा आणि समजलेलं तुम्हाला मराठीत सांगावं. दहा पानांत कंटाळली, तर डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा विचार करू. रात्री जेवायला हाक मारूनही उठली नाही, तर मला तिच्याच हाताने पत्र लिहायला सांगा, पुढचं तिच्याशी बोलेन.