दुर्मीळ आहे म्हणून घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. तीन डावखुऱ्या गिटारींचे फोटो आणि खाली एकच प्रश्न: "ताई, अशी पुन्हा मिळेल की नाही कुणास ठाऊक, घेऊन टाकू का?" हा प्रश्न आपल्यासारख्या सगळ्या डावखुऱ्या वादकांना छळतो, मलाही छळतो. उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. केवळ डावखुरी आहे एवढ्यासाठी कुठलीच गिटार घेऊ नकोस.

उजव्या हाताने वाजवणारा माणूस दुकानात शिरतो, भिंतीवरच्या आठ-दहा गिटारी काढून वाजवतो, एकही पसंत न पडता बाहेर येतो. नापसंत करता करताच त्याची आवड घडत जाते. एक जाड वाटते, दुसरी मांडीवर कलंडते, तिसरीचा खर्ज पोकळ लागतो. आपल्याला त्याच भिंतीवर एखादीच दिसते, बहुधा काळी नाहीतर सनबर्स्ट (मधे पिवळसर, कडेला गडद), आणि ती दिसल्याचाच आनंद इतका होतो की ती आवडली का, हे स्वतःला विचारायचं राहून जातं. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. त्यातले कितीतरी उजव्याच गिटारवर शिकतात, म्हणून कंपन्या आपल्यासाठी मोजकीच मॉडेलं काढतात. टंचाई खरी आहे. पण टंचाईपोटी जमवलेल्या गिटारी पुढे नुसत्या केसमध्ये पडून राहतात. मी असे संग्रह पाहिलेत, आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

खरेदीकडे वळण्याआधी तुझ्या सरांच्या सल्ल्याबद्दल. ते म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, उजव्या पद्धतीने शिक, म्हणजे कायमची कटकट मिटेल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि बोलणंही अगदीच चुकीचं नाही. मार्क नॉफ्लर आणि गॅरी मूर हे नामवंत गिटारवादक दोघेही डावखुरे, दोघेही उजव्या गिटारवर वाजवणारे. तारा दाबणाऱ्या हाताला एवढी कसरत करावी लागते, तर आपला तरबेज हात तिथेच का नको, या युक्तिवादात तथ्य आहे. पण ताल असतो तो तारा छेडणाऱ्या हातात. बोलता बोलता तू टेबलावर ठेका धरतोस, तो कुठल्या हाताने? एकही कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) न शिकलेलं मूल समोर असतं, तर मी त्याला गिटार दोन्ही बाजूंनी धरून बघायला सांगितलं असतं. तुझा उजवा हात आता एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड धरतो आणि डाव्या हातात ताल बसलाय. आता फिरू नकोस.

ब्लॅक सबाथ या रॉक बँडच्या टोनी आयोमीकडे बघ. १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच जायबंदी झाला. हात बदलून उजव्या पद्धतीने नव्याने सुरुवात करण्याचा मार्ग त्याच्यापुढे होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली, त्यांवर चामडं चढवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे गिटारचा सूरही खाली उतरवला. त्यातून जो जड, गडद आवाज निघाला, त्यावर हेवी मेटलचा पाया उभा राहिला.

शिकण्यातल्या अडचणींचा बाऊ करू नकोस. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांनी दाखवणारी लिपी, आपल्यालाही जशीच्या तशी लागू पडते, कारण तिच्या रेघा म्हणजे तारा आणि डावीकडून उजवीकडे जातो तो फक्त वेळ. बोटांच्या जागा दाखवणारे कॉर्डचे चौकोन मात्र आरशातल्यासारखे उलटे वाचावे लागतात. आणि उजव्या हाताच्या शिक्षकासमोर तोंड करून बसलास की त्यांचा हात तुला आरशात पाहावा तसा दिसतो. ही सोय बाकीच्या विद्यार्थ्यांना नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून शीक. उजवी गिटार तारा न बदलता उलटी धरून चार-पाच कॉर्ड वाजवता यायला हवेत. मित्रांच्या बैठकीत गिटार हातोहात फिरते आणि आपल्यापाशी आली की पुढे सरकते. ते मला कधीच आवडलेलं नाही. अमेरिकन लोकगायिका एलिझाबेथ कॉटन अशीच वाजवायची. खर्जाच्या तारा खाली आलेल्या, म्हणून खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने. तिची ही शैली आज उजव्या हाताचे वादक मेहनतीने शिकतात. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगच्याही बारीक तारा वर असायच्या. बाकीचे ज्या तारा वर ढकलतात त्या तो खाली ओढायचा, आणि त्याच्या बेंडमधला, म्हणजे तार ओढून सूर चढवण्यातला, तो जोर दुसऱ्या कुणाला तसाच साधलेला मी ऐकलेला नाही. तुला संपूर्ण तसं वाजवायला सांगत नाही. चार कॉर्ड पुरेत.

आता तुझे फोटो. तिसरी, ती नायलॉनच्या तारांची, लगेच बाजूला ठेव. वाईट आहे म्हणून नव्हे. क्लासिकल गिटारचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असतो, सॅडल (गिटारच्या अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बहुतेकदा सरळ असतं, आतल्या पंख्यासारख्या पट्ट्याही बहुधा दोन्हीकडे सारख्याच असतात. नट (दांड्याच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बदलला, तारा उलट्या लावल्या की चांगली उजवी क्लासिकल आपली होते. म्हणजे तिथे टंचाई नाहीच. तुला हवी तशी उजवी शोध, निवडायला खूप आहेत.

दुसरीपाशी मी बराच वेळ थांबले. स्टीलच्या तारांची अकूस्टिक, विकणारा म्हणतो जन्मजात डावखुरी. फोटो मोठा करून नेकची, म्हणजे दांड्याची, कड बघ. गिटार मांडीवर घेतल्यावर आपल्याला दिसावेत म्हणून फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागा दाखवणारे छोटे ठिपके नेकच्या वरच्या कडेला असतात. तुझ्या फोटोत वरची कड कोरी आहे. ठिपके खालच्या कडेला असतील, तर ती उजवी गिटार उलटवलेली आहे. आणखी खुणा शोध. पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पातळ तुकडा) काढून दुसऱ्या बाजूला लावलं असेल, तर जुन्या जागी लाकूड फिकट दिसतं, कारण उजेडाने बाकीचं स्प्रूसचं लाकूड पिवळसर होत जातं. ब्रिजवर, म्हणजे सॅडल बसवलेल्या लाकडावर, सॅडलची खाच भरून दुसरी पाडली असेल, तर भरलेल्या लाकडाची रेघ तिरक्या उजेडात उमटते. सगळ्यात महत्त्वाचं, सॅडलचा तिरकेपणा बघ. जाड तारेला किंचित जास्त लांबी लागते, म्हणून सॅडल खर्जाच्या बाजूला नटपासून लांब सरकलेलं असतं. दोन टोकांत साधारण ३ मिमीचा फरक. उलटवलेल्या गिटारमध्ये ते तसंच सोडलं असेल, तर खर्ज वर जाऊन चढा लागतो आणि बारीक तारा उतरलेल्या. मोकळ्या तारा कितीही नीट लाव, बाराव्या फ्रेटवर सगळं विसकटतं.

नटचंही तसंच. नेहमीच्या इलेक्ट्रिक संचात पहिली तार ०.०१० इंचाची आणि सहावी ०.०४६ इंचाची असते, अकूस्टिकच्या तारा त्याहून जाड. जाड तारेच्या खाचेत बारीक तार बसवली की ती किणकिणते, आणि बारीक खाचेत जाड तार वरच तरंगते. हे काम नीट केलेलं असेल, खाच कुशलतेने भरून नवी पाडली असेल, तर अशी गिटारही उत्तम वाजते. आत आरसा घालून पट्ट्या बघ. स्टीलच्या गिटारमधल्या एक्स आकाराच्या पट्ट्यांखाली दोन तिरक्या पट्ट्या असतात आणि त्यांचा कल एकाच बाजूला असतो. त्या उलट्या राहिल्या तर आवाजात किती फरक पडतो, यावर वादक आणि कारागीर दोघेही वाद घालतात. मी पट्ट्यांपेक्षा सुराला महत्त्व देते. मात्र उलटवलेली गिटार जन्मजात डावखुरी म्हणून विकणं मला मान्य नाही, आणि तसं विकणाऱ्याकडून मी काहीच घेणार नाही.

पहिली इलेक्ट्रिक. तिच्याबद्दल लिहिलेलं वाचून तुझा हात थरथरलेला मला दिसतोय. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर, उलटी केलेली, "हेंड्रिक्ससारखी". रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजवी स्ट्रॅट उलटी धरून तारा आपल्या क्रमाने लावायचा, हे खरंच. त्यामुळे काय काय बदलतं ते समजून घे. ब्रिजजवळचा पिकअप (तारांची थरथर पकडणारा चुंबकी भाग) तिरका असतो. नेहमी त्याचं बारीक तारांकडचं टोक ब्रिजजवळ असतं, उलटल्यावर खर्जाकडचं टोक ब्रिजजवळ जातं. म्हणून खर्ज कडक येतो आणि बारीक तारा गोलसर. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) खर्जाची तार सर्वांत लांबच्या खुंटीपर्यंत जाते. नॉब आणि सूर हलवणारा ट्रेमोलोचा दांडा हाताच्या वर येतात, वरच्या फ्रेटपर्यंत पोचायला गिटारच्या अंगाचं पुढे आलेलं शिंग आडवं येतं. हेंड्रिक्सने हे सगळं आपल्या वादनात मुरवून घेतलं. १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवात मात्र त्याच्या हातात डाव्या हातासाठी बनवलेली गिब्सन फ्लाइंग व्हीसुद्धा होती, हे लोक विसरतात. तुला तो आवाज मनापासून हवा असेल तर जरूर घे. नुसती आठवण म्हणून हवी असेल तर भिंतीवर त्याचं चित्र लाव आणि डावखुरी स्ट्रॅट वाजव.

इलेक्ट्रिक घेताना एक गोष्ट हमखास तपास. नॉब अगदी हळूहळू फिरव. डावखुऱ्या गिटारमध्ये आवाज वाढायची दिशा उलटी असावी, पण कित्येकदा नॉबच्या आत नेहमीचाच पॉट (आवाज कमी-जास्त करणारा भाग) उलटा जोडून दिलेला असतो. मग पहिल्या थोड्याशा वळणात आवाज एकदम उसळतो आणि पुढे कितीही फिरव, फारसा फरक पडत नाही. उलट्या टेपरचा (उलट दिशेने आवाज सावकाश चढवणारा) पॉट बसवला की काम झालं, खर्चही किरकोळ. विकणाऱ्याला मात्र ते सांगून घे. तारा आवळून धरणारा लॉकिंग नट असेल तर तोही डावखुराच लागतो, उजवा चालत नाही.

मग हवी ती गिटार ओळखायची कशी, वाजवून बघायलाच मिळत नसेल तर? उजव्यांच्या भिंतीचा उपयोग कर. गिटार उलटी धरून उजवा हात नेकवर फिरव. नेकची जाडी, नटपाशी रुंदी, वजन, तोल, सगळं कळतं. आवाजासाठी उजव्या हाताच्या मित्राला वाजवायला सांग आणि तू समोर बस. वाजवणाऱ्यापेक्षा समोर बसलेल्याला गिटार जास्त खरी ऐकू येते. घरी येऊन वहीत लिही: नट ४२ मिमी की ४३, तारेची लांबी ६४८ मिमी की त्याहून आखूड, नेकचा आकार, ब्रिजचा प्रकार. ही वही भरत गेली की एखाद्या दिवशी नेमकी तीच मापं असलेली डावखुरी समोर आल्यावर तासाभरात हो म्हणता येईल. तेव्हा मात्र रेंगाळू नकोस. चांगली डावखुरी थांबत नाही.

दूर देशातून मागवायची वेळ आपल्यावर इतरांपेक्षा जास्त येते, म्हणून लाकडाचं नावही वहीत असू दे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सगळ्यात कडक यादीत आहे, ते कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. बाकीच्या रोझवुडवर २०१७ मध्ये निर्बंध आले होते. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

जे घेशील ते वाजतं ठेव. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी), ॲक्शन (तारांची उंची), सॅडल यांची जुळणी स्वतः शीक, कारण डावखुऱ्या गिटारचा सेटअप करताना गोंधळणारे कारागीर मी पाहिलेत. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर लाकूड सुखी राहतं. आणि प्रत्येक गिटारचा सिरियल नंबर, ओरखडे, दुरुस्त्या फोटोसकट नोंदव. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून जास्त वर्षांनी त्याच्याकडे परत आला. आपली वाद्यं कमी असतात, म्हणून ती ओळखूही लवकर येतात, पण ओळखायला कुणाकडे तरी नोंद हवी.

तर आता असं कर. तिसरी सोडून दे. दुसरीच्या मालकाकडे नेकच्या दोन्ही कडांचा, ब्रिजचा वरून काढलेला आणि नटचा जवळून काढलेला फोटो माग. पहिलीसाठी त्याला सांग की व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून दहापर्यंत हळू फिरवून आवाज रेकॉर्ड करून पाठव. आलं की मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, फोनवर एकेक बघू.

तुझी,
ताई