‘ईर्षा’ सोडायची की धरायची?

प्रश्न असा आहे: शाळेच्या फलकावर ‘ईर्षा सोडा, स्वतःच्या प्रगतीकडे लक्ष द्या’ असं लिहिलंय आणि तिथलेच कबड्डीचे सर ‘ईर्षेने खेळा’ म्हणून ओरडतात. बरोबर कोण?

मराठीपुरतं बोलायचं तर सर. फलकावरची ‘ईर्षा’ बहुधा हिंदीतून आली असावी. हिंदीत ‘ईर्ष्या’ म्हणजे सरळ मत्सर, संस्कृतातही तसंच. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश ‘अक्षान्तिरीर्ष्या’ म्हणतो, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न साहणं. मराठीत तो अर्थ पुसला गेलेला नाही, कोशांत आणि ग्रांथिक लेखनात तो भेटतो. पण बोलण्यात ‘ईर्षेने’, ‘ईर्षेला पेटणे’ यांत जिद्द आणि चुरस पुढे असते. फलकावर ‘मत्सर सोडा’ हवं होतं. ‘ईर्षा सोडा’ वाचून एखादं पोर सरावच सोडायचं!

हेवा, मत्सर, असूया हे शब्दही एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. हेवा तोंडावर सांगता येतो: ‘तुझ्या गळ्याचा हेवा वाटतो गं’ हे कौतुकच झालं. ‘तुझा मत्सर वाटतो’ असं मात्र कुणी तोंडावर म्हणत नाही.

असूया सगळ्यांत बारीक. अमरकोशात तिची व्याख्या ‘दोषारोपो गुणेष्वपि’ अशी आहे, म्हणजे गुणातही दोष काढणं. ‘आवाज चांगला आहे तिचा, पण कार्यक्रम ओळखीवर मिळतात’ या वाक्यात असूया नेमकी त्या ‘पण’पाशी आहे. गुण कबूल केला आणि लगेच नासवला. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण अर्जुनाला गुह्यतम ज्ञान सांगायला घेतो, तेव्हा त्याला ‘अनसूयु’ म्हणतो. दोषच शोधत बसलेल्याला शिकवणार तरी काय?

आता प्रगतीचं. इथे व्याकरण कामाला येतं. हेव्याला षष्ठी लागते, माणसाची किंवा वस्तूची. ईर्षेला बहुधा क्रिया लागते: अमुक करण्याची ईर्षा. म्हणून मनातलं वाक्य कागदावर लिहावं आणि बदलत न्यावं. ‘मला तिचा हेवा वाटतो’ यात करण्यासारखं काहीच नाही. ‘तिच्या तानांचा हेवा वाटतो’ इथे निदान विषय सापडला. ‘भूप रागाची आठ मात्रांची तान दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, स्वच्छ घेण्याची ईर्षा’ इथे रियाजाला बसता येतं.

चूक होते ती शेवटच्या पायरीवर. ‘तिला मागे टाकण्याची ईर्षा’ यातही क्रिया आहे, पण कर्म अजून तीच आहे. तिने गाणं सोडलं की रियाजही थंडावतो. याला बोलीत ‘खुन्नस’ म्हणतात. एखाद्या सामन्यापुरती ती चालते, वर्षभराच्या रियाजाला पुरत नाही. ‘तिच्याइतकी’, ‘त्याच्यापेक्षा’ हे शब्द वाक्यात उरले असतील तर ते खोडून त्या जागी माप लिहावं: किती मात्रा, कोणती लय.

आणि लिहिताना ‘इर्षा’ नको. शब्द संस्कृतातून आलेला आहे, पहिली ई दीर्घच.