वाचकांचे प्रश्न : फ्लूच्या विषाणूला साखर कळते कशी?

प्रश्न : २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. माणसाच्या पेशींवरची ‘साखर’ वेगळी असल्यामुळे आपल्याला तो सहजी होत नाही, असं वाचलं. ही साखर कोणती? गोड कमी खाल्लं तर फ्लू टळेल का?

उत्तर : नाही टळणार. चहातल्या साखरेचा इथे काडीचाही संबंध नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना आणि मेदांना शर्करांच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्यांच्या टोकाला बऱ्याचदा सियालिक आम्ल असतं आणि त्याच्या मागे गॅलॅक्टोज. विषाणूचं हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन सियालिक आम्ल धरतं. पण ते गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलंय की सहाव्या, यावर घोडं अडतं. तिसऱ्याची साखळी ताठ राहते, सहाव्याची छत्रीसारखी वळते. पाणपक्ष्यांच्या आतड्यात तिसऱ्याची जोडणी, आपल्या नाकात आणि श्वासनलिकेत मुख्यतः सहाव्याची. आपल्याकडे तिसऱ्याची सापडते ती फुप्फुसात खोलवर. म्हणून आजारी पक्षी हाताळताना विषाणू भरपूर आत गेला तर दुखणं गंभीर होऊ शकतं, तरी एकाकडून दुसऱ्याकडे ते सहसा जात नाही.

हे कुंपण फार उंच नाही. १९५७ आणि १९६८च्या साथींच्या विषाणूंमध्ये हीमॅग्लुटिनिनच्या २२६ आणि २२८ या जागांवरची अमिनो आम्लं बदललेली होती आणि पकड सहाव्याकडे वळली होती.

एकेकटी पकड मात्र अगदीच ढिली असते. विषाणूवर अशी शेकडो हीमॅग्लुटिनिनं असतात आणि बरीचशी एकदम चिकटतात, म्हणून तो टिकतो. सुटण्यासाठी त्याच्याकडे न्यूरामिनिडेज ही कात्री असते. सियालिक आम्ल कापून ती नव्या विषाणूंना मोकळं करते. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध हीच कात्री जाम करतं.

प्रश्न : एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराच्या नमुन्यात विषाणू असल्याचं पीसीआरने कळलं, पण कोंबडीच्या तांबड्या पेशी वापरून हीमॅग्लुटिनेशन चाचणी (विषाणू तांबड्या पेशी एकमेकींना जोडून त्यांचं जाळं करतो का, ते पाहणारी) केली तर काहीच दिसत नाही. चूक कुठे?

उत्तर : बहुधा पेशींच्या निवडीत. अलीकडचे बरेच एच३एन२ कोंबडीच्या पेशी धरतच नाहीत. गिनिपिगच्या ०.७५ टक्के पेशी घ्या, प्लेट यू तळाची वापरा आणि तासभर थांबा. कोंबडीच्या ०.५ टक्के पेशी, व्ही तळ आणि अर्धा तास ही सवय इथे चालत नाही. निकाल वाचायची रीतही बदलते. विषाणू नसेल तर कोंबडीच्या पेशींची गुंडी बसते आणि प्लेट तिरपी केली की ती ओघळते; गिनिपिगच्या पेशींचं तळाशी कडं दिसतं. नुसत्या पेशींचा एक वेल (प्लेटमधला खळगा) शेजारी ठेवाच, नाहीतर त्या कड्यालाच निकाल समजाल.

प्लेट उबेत ठेवू नका. ३७ अंशांना न्यूरामिनिडेज जोमात येतं आणि झालेलं जाळं सुटतं.

कधी याच्या उलट होतं : काही एच३एन२ न्यूरामिनिडेजनेच पेशी धरतात. शंका असेल तर २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर कार्बोक्झिलेट घालून चाचणी पुन्हा करा. टायटर (नमुना किती विरळ करेपर्यंत जाळं दिसतं, तो आकडा) कोसळलं तर आधी दिसलेली पकड हीमॅग्लुटिनिनची नव्हती.