रोलवरच्या फोटोंचं अ‍ॅनिमेशन थरथरतं आणि लुकलुकतं, त्याबद्दल

प्रश्न असा आहे: ३५ मिमी एसएलआरवर, ब्लॅक अँड व्हाइट रोलवर कागदी बाहुलीचे ३६ फोटो काढले, स्कॅन करून फिल्मच्या कडेच्या छिद्रांवर जुळवले, तरी चित्र थरथरतं आणि उजेड लुकलुकतो. हे दोन वेगळे आजार आहेत.

थरथर छिद्रांमुळेच आहे. स्टिल कॅमेऱ्यात फिल्म नेमक्या जागी रोखणारी पिन नसते. लिव्हर ओढली की फिल्म आठ छिद्रं सरकते, पण दर वेळी केसभर अलीकडे-पलीकडे थांबते. फ्रेमची कड मात्र कॅमेऱ्याच्या गेटची (फिल्मसमोरच्या चौकटीची) सावली असते, आणि गेट व लेन्स यांच्यातलं अंतर बदलत नाही. म्हणून कडेवर जुळवा. त्यासाठी २४ × ३६ मिमी फ्रेमबाहेरची मिलिमीटरभर कोरी पट्टी स्कॅनमध्ये यायला हवी. स्कॅनरचे बहुतेक फिल्म होल्डर ती झाकतात. होल्डरची खिडकी कानशीने जराशी घासून घ्या. लिव्हर ओढताना ट्रायपॉडच हलला असेल, तर कडेवरून ते कळणार नाही. त्यासाठी सेटच्या दोन कोपऱ्यांत फुलीच्या चिठ्ठ्या चिकटवा, त्यांवर जुळवा आणि शेवटी कापून टाका.

लुकलुकीत पहिला संशय अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकावर, घ्या. ऑटो लेन्सची पाती दर क्लिकला मिटतात, पण तंतोतंत तेवढीच मिटतील असं नाही. एम४२ (स्क्रूने बसणाऱ्या) लेन्सवर ए/एम (ऑटो/मॅन्युअल) खटका असेल तर तो एमवर ठेवा, म्हणजे पाती मिटलेलीच राहतात. व्ह्यूफाइंडर अंधारा होतो, त्यामुळे फोकस आधी करून ठेवा. दुसरा संशय ट्यूबलाइटवर. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/६० सेकंदाच्या शटरला एका फोटोत दीड-पावणेदोन ठोके येतात, कधी तेज बाजूचे, कधी मंद. १/४ ला २५ येतात, मग फरक दिसत नाही. आयएसओ ४०० च्या फिल्मला घरातल्या उजेडात एफ/८, १/४ साधारण जमून जातं. खिडकी मात्र जाड पडद्याने बंद. ढग आला की सगळं वाया.

स्कॅनरचं ऑटो बंद करा. तो दर फ्रेम आपल्या मर्जीने उजळतो.

डेव्हलपर दर रोलला ताजा घ्या. एचपी५ प्लस फिल्म, आयडी-११ डेव्हलपर १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २०° ला १३ मिनिटं, मग ओतून द्या. उन्हाळ्यात नळाचं पाणी याहून बरंच गरम असतं, तेव्हा टाकी आणि बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून २०° वर आणा.

फ्रेमवरची धूळ पुसत बसू नका. सेकंदाला १२ फ्रेमच्या वेगात ती क्षणभर चमकते आणि छान दिसते. स्कॅनच्या काचेवरची मात्र पुसा, कारण ती सगळ्या शॉटभर एकाच जागी बसते.

१२ च्या वेगाने ३६ फोटो म्हणजे ३ सेकंद, त्यामुळे रोल बदलावा लागणारच. कॅमेरा ट्रायपॉडवरून न काढता बदला. जुन्या रोलची शेवटची पोझ नव्या रोलवर पहिली म्हणून पुन्हा घ्या. दोन रोलची घनता (निगेटिव्हचा गडदपणा) त्या जोडीवरून जुळवायची, मग जोडीतला एक फोटो काढून टाकायचा.