आधी नकाशा, मग आमटी

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त कर्नलची उत्तरं. गेल्या महिन्यात ‘जेवण आणि युद्धकथा’ या आमच्या पुण्यातल्या बैठकीचा ओझरता उल्लेख केला, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतो.)

प्रश्न : कर्नलसाहेब, स. न. वि. वि. आम्ही नाशिकचे पंचवीस-तीस जण. युद्धेतिहासाची आवड. दर दोन महिन्यांनी पाहुणा वक्ता बोलवायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असं ठरवलं. पहिल्याच वेळी वक्ते दोन तास बोलले, पनीर गार झालं, मागची मंडळी हळूच सटकली. जेवण आधी ठेवावं का? आणि मानधनाचं काय करावं?

उत्तर : जेवण आधी ठेवण्याची चूक मी करून बसलोय. आमची पहिली बैठक एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. मटण, वडे, सोलकढी, सगळं साग्रसंगीत. वक्ते मोठे अभ्यासू. त्यांनी सुरुवात केली महाभारतातल्या व्यूहरचनांपासून. पावणेदहाला आम्ही पानिपतापर्यंत पोचलो तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या आमच्याच एका ब्रिगेडियरसाहेबांचं घोरणं सुरू झालं. कारगिलपर्यंत कोणी जागं होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मीही नव्हतो.

शिकागोत १९४० साली एका पुस्तकाच्या दुकानात जमलेल्या मंडळींनी अमेरिकी यादवी युद्धावर अशा बैठका सुरू केल्या. त्यांना ते ‘राउंड टेबल’ म्हणतात. त्या पद्धतीची मंडळं पुढे गावोगाव निघाली. तिकडे बहुतेक ठिकाणी आधी जेवण, मग भाषण. त्यांना जमतं. त्यांच्या पानात पुरणपोळी नसते.

आमचा क्रम आता असा आहे : सातला चहा आणि कांदाभजी. सव्वासातला भाषण, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. आठला पानं. प्रश्न मात्र पानावर बसूनच विचारायचे, वक्त्याचा माइक बंद. चोवीस माणसं, आठ-आठांची तीन टेबलं, आणि वक्त्यानं आमटी एका टेबलावर, भात दुसऱ्यावर, ताक तिसऱ्यावर घ्यायचं. वक्त्यांना हे आधी विचित्र वाटतं. नंतर तेच उठायला तयार नसतात.

दुसरी अट विषयाची. ‘मराठ्यांची युद्धनीती’ असला विषय कोणी दिला तर मी नम्रपणे परत पाठवतो. एक लढाई, आणि त्या लढाईतला एकच निर्णय. तो कोणी घेतला, त्या क्षणी त्याला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं. बस्स.

असईच्या लढाईवरची आमची संध्याकाळ सांगतो. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य. शंभराच्या आसपास तोफा, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसानं तयार केलेल्या कवायती पलटणी, आणि घोडदळ तर मोजदाद नाही इतकं. समोर आर्थर वेलस्ली, पुढे जो वेलिंग्टन झाला तो. कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळायची होती, पण वेलस्ली थांबला नाही. नदी ओलांडायची कुठे? वाटाडे म्हणाले, शत्रूच्या तोफांसमोरचा सोडून दुसरा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. तो म्हणाला, मधे उतार असणारच. आणि तो होता.

आमचे वक्ते हे इथपर्यंत सांगून ‘ही त्याची प्रतिभा’ म्हणून थांबले. पानं वाढली. आमच्यात पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त शाखा अभियंता येतात. वर्षभरात त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दोन चमचे पानावर कोनात ठेवले, ही केळणा, ही जुई. मधे मीठ टाकलं, ते असई. एका चमच्याच्या अल्याड-पल्याड लिंबाच्या दोन फोडी ठेवल्या. म्हणाले, “यात प्रतिभा कसली? दोन काठांची गावं म्हणजे सोयरीक आली, बाजार आला, गुरं आली. बायका माहेरी जाणार कशा? मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराला विचारा. वाटाड्यांना उतार माहीत असणारच. ते सांगत नव्हते.”

टेबल गप्प. सांगत नव्हते! मग का सांगत नव्हते, वाटाडे कोणाचे, त्यांना पैसे कोण देत होतं, यावर दहापर्यंत वाद. अभियंत्यांचं म्हणणं कागदावर सिद्ध होईल असं नाही, आणि वक्त्यांनी तसं बजावलंही. पण त्या चमच्यांच्या कोनात पुढचं सगळं दिसायला लागलं. नदी उतरून आलेल्या इंग्रजांसमोर पोलमननं आपली अख्खी फळी काटकोनात कशी फिरवली (कवायतीशिवाय हे होत नाही, मी हे माणसांकडून करून घेतलंय), आणि इंग्रजांची उजवी बाजू भरकटून असई गावाच्या तोफांसमोर गेली तेव्हा तिची कशी चाळण झाली. जिंकून इंग्रजांचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले. वक्ते मला जाताना म्हणाले, मी हे व्याख्यान बऱ्याचदा दिलंय, आज पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून पडद्यापेक्षा टेबलावर नकाशा हवा. मोठ्या कागदावर स्केचपेननं काढलेला चालतो. आमटीचे डाग पडतील, पडू देत.

मानधन : पाकिटात रक्कम घालून सगळ्यांसमोर देऊ नका, फौजी माणूस कानकोंडा होतो. जाण्या-येण्याची गाडी पाठवा, आणि त्याला हवं असलेलं एक पुस्तक आधी विचारून आणून ठेवा. शाल-श्रीफळ तर नकोच. माझ्या कपाटात एकोणीस शाली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात सामरिक घडामोडींवर बोलायला एक निवृत्त अधिकारी आले होते. एका सभासदानं भाषण मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरवलं. साहेब नाराज झाले. आमचं काय चुकलं? (ठाणे)

उत्तर : चुकलं ते मोबाइल खिशातून बाहेर आला तेव्हाच. लंडनमधल्या चॅटम हाउस या संस्थेनं १९२७ साली एक नियम केला, तो जगभर त्याच नावानं चालतो : इथे ऐकलेलं खुशाल वापरा, पण कोण बोललं आणि खोलीत कोण होतं ते सांगायचं नाही. आम्ही पहिल्या चहाच्या आधीच हे वाचून दाखवतो आणि मोबाइल एका परातीत गोळा करतो. परात माझ्या सौ.ची. तिच्या धाकानं कोणी हात घालत नाही.

कायद्याचंही भान ठेवा. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला असं बोलायला वरून परवानगी लागते. ती त्यानं घेतलीय का, हे निमंत्रणाच्या वेळी विचारणं यजमानाचं काम. निवृत्त झालो म्हणून १९२३ चा गोपनीयतेचा कायदा सुटत नाही. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाविषयी काही प्रसिद्ध करायचं तर पूर्वपरवानगी हवी. २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलून हे आणखी घट्ट केलंय. तुमच्या सभासदाच्या हौसेपायी कोणाच्या पेन्शनवर येऊ नये.

आणखी एक. ‘सामरिक’ म्हटलं की आपल्याकडे लगेच टीव्ही सुरू होतो. चीनचं काय करायचं, पाकिस्तानला धडा कसा शिकवायचा! वक्ता बिचारा गोलगोल बोलतो, कारण सरळ बोलला तर परातीतला मोबाइल बाहेर येईल. यावर उपाय म्हणजे चर्चा जुन्या गोष्टीला बांधायची. आम्ही एकदा लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात विषय म्हणून घेतले. कोल्हापूरकडचा माणूस. पूर्व कमांडचे प्रमुख असताना नेफात (आताचा अरुणाचल प्रदेश) चीन आला तर काय होईल हे त्यांनी १९६० सालीच लखनौच्या ‘लाल किला’ या सरावात मांडून दाखवलं होतं. अडीच वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, तसंच घडलं. त्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला, तो सरकारनं अजून खुला केलेला नाही. प्रश्न एकच ठेवला : खालच्यानं वेळेवर सांगितलेलं वरच्यापर्यंत का पोचत नाही? त्यावर बँकेतले, इस्पितळातले, साखर कारखान्यातले, सगळे तावातावानं बोलले. वक्त्याला कुठलंही गुपित फोडावं लागलं नाही.

प्रश्न : विषयाला साजेसा मेनू ठेवावा, असं आमच्या महिला सभासदांचं म्हणणं आहे. कल्पना कशी वाटते? (सांगली)

उत्तर : बेतानं. फ्रेंच युद्धावर सूप ठेवाल, ठीक. पण आम्ही कूटच्या वेढ्यावर संध्याकाळ केली तेव्हा हीच टूम निघाली होती. इराकमधल्या कूट अल अमारात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस, तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती ती इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन. आपली माणसं, मराठा पलटणी त्यात होत्या. पीठ घटत गेलं, घोडे-खेचरं कापायची वेळ आली, आणि हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारलं. स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या. शरणागतीनंतर डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिला आणि शिपाई उन्हात पायी हाकले गेले. वाटेत आणि कैदेत हजारो मेले.

याला साजेसा मेनू काय करणार? त्या दिवशी आम्ही नेहमीचंच वाढलं, फक्त वक्त्यानं भाषण संपवल्यावर पहिला घास घ्यायला कोणी हात पुढे करेना. शेवटी एका आजींनी “बाळांनो, अन्नाला वाट बघायला लावू नका” म्हणून सुरुवात केली.

प्रश्न : साहेब, तुमचं हे सगळं शहरातलं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात घरटी एक फौजी. पण ना क्लब, ना मेस, ना वक्ते. आमच्याकडे असं काही होईल का? की हे इंग्रजी बोलणाऱ्यांचंच?

उत्तर : तुमच्याकडेच खरं व्हायला हवं. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, त्यानं वक्ता पुण्याहून मागवायचा?

मेसबद्दल एक गंमत सांगतो. आमच्या मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर नोकरीविषयी बोलायला बंदी. राजकारण, धर्म, बायकांची नावं आणि ‘शॉप’ (म्हणजे नोकरीच्या गप्पा), सगळं वर्ज्य. सव्वीस वर्षं मी फौजी लोकांबरोबर जेवलो आणि लढाईबद्दल जेवताना कधी बोललो नाही. ते शिकलो निवृत्तीनंतर, जावळीतल्या एका सुभेदारांच्या ओसरीवर, पिठलं-भाकरी खात. तेव्हा वक्त्याशिवाय भागतं. पदकं मागवा.

दर घरानं पेटीतलं काय असेल ते आणायचं. पलटणीतला एखादा शिकलेला पेन्शनर ओळखायला बसवा. तांबडी, पांढरी, हिरवी फीत असेल तर तो दुसऱ्या महायुद्धातला इटली स्टार. म्हणजे आजोबा यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या आघाडीवर होते. घाडगे रायगडचे, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. जाधव नगरचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणून पुन्हा लढायला गेले, आणि जगले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. नकाशावर त्या दोन नद्या पोरांकडून शोधून घ्या. मेलेल्याचं नाव कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या यादीत फुकट सापडतं. स्पेलिंग मात्र साहेबानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. ‘जाधव’ सापडला नाही तर ‘जाधाव’, ‘जादव’ सगळं बघा.

जावळीच्या त्या ओसरीवर एका म्हातारीनं हळदीकुंकवाच्या करंड्यातून एक काळं पडलेलं नाणं काढलं. “राणीछाप असंल,” म्हणाली. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. चांदीचं म्हणूनच अशी कित्येक पदकं सोनाराकडे जाऊन जोडवी झाली. सुभेदारांनी ते कंदिलाशी धरून हळूहळू फिरवलं. कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, १०३ मराठा. नाव तिच्या सासऱ्यांचं. तिनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यालाही बाप आठवत नसे. “म्हंजी ह्यात त्यांचं नाव हाय?” असं तिनं तीनदा विचारलं आणि मग करंडा पदराखाली घेऊन घरी गेली, जेवायला थांबली नाही.

तेव्हा बैठक ठरली की गावात आधीच निरोप द्या : पदकं चिंचेनं किंवा ब्रासोनं घासून चकचकीत करून आणू नका. घासण्यानं पहिली जाते ती कड.